घाटरस्ता वाचावा कसा?

दिवाळीची किंवा नाताळची सुटी जवळ आली कीं घरोघरीं एकच प्रश्न निघतो : यंदा गाडी घेऊन कोठें जावयाचें? उत्तर म्हणून बहुधा एखाद्या गांवाचें नांव पुढें येतें; कोणी महाबळेश्वर म्हणतो, कोणी गणपतिपुळें, तर कोणी गोवें. आमचा स्वतःचा अनुभव मात्र असा आहे कीं, सहलींतील जो भाग वर्षानुवर्षें मनांत रेंगाळतो तो मुक्कामाच्या गांवचा नसून वाटेवरचा असतो. आणि वाटेवरहि सपाटीवरील शेतांपेक्षां व बाजारपेठांपेक्षां घाटाचीच आठवण अधिक राहते. म्हणून या लेखांत मुक्कामाचीं ठिकाणें बाजूस ठेवून सह्याद्रींतील कांहीं घाटरस्त्यांची ओळख आमच्या विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या वडीलमंडळींस करून द्यावी, असें आम्हीं योजिलें आहे. घाट नुसता पाहावयाचा नसतो, तो पुस्तकाप्रमाणें वाचतांहि येतो. रस्ता येथेंच कां वळला, भिंत येथेंच कां बांधली, मोरी येथेंच कां घातली, या प्रश्नांचीं उत्तरें ज्यास देतां येऊं लागतात, त्यास घाटाची गोडी दुप्पट लागते. आणि पुढें दिसून येईल कीं, त्याची गाडीहि त्यामुळें अधिक सांभाळून चालते.

प्रथम डोंगराविषयीं. सह्याद्रि हा हिमालयासारखा घड्या पडून उंचावलेला पर्वत नव्हे. सुमारें ६.६ कोटी वर्षांपूर्वीं जमिनीच्या भेगांतून शिलारस पुनःपुन्हा वर आला, पसरला आणि थिजला. अशा एकावर एक थरांनीं दख्खनचें पठार बनलें, व त्या पठाराची पश्चिमेकडील झिजलेली कड म्हणजेच आपला सह्याद्रि होय. कठीण थराचा सरळ कडा होतो, मऊ थराचा उतार होतो; म्हणून कोंकणांतून पाहिलें असतां डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. भूगर्भशास्त्रज्ञ या खडकास 'ट्रॅप' म्हणतात, तो शब्दहि स्वीडिश भाषेंतील जिन्याच्या नांवावरून आला आहे. वाट काढणाऱ्याचें सारें कसब या पायऱ्या ओळखण्यांत असतें. उतार असेल तेथें वर चढावें, पायरीचा सपाट भाग लागला कीं त्यावरून आडवें चालावें, आणि ओढ्यानें कडा झिजवून जेथें खिंड पाडली असेल तेथून माथा गांठावा. माणूस, बैल व मोटार या तिघांनींहि आजवर हेंच केलें आहे.

हें 'आजवर' किती जुनें आहे तें पाहावयाचें असल्यास कल्याणहून मुरबाडमार्गें माळशेज घाटाकडे जातांना वैशाखरें गांवाजवळ गाडी उभी करावी व पायीं नाणेघाट चढून जावा. सातवाहनांच्या काळीं, म्हणजे सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं, कल्याण व सोपारा या बंदरांतील माल याच वाटेनें जुन्नरास जात असे. माथ्यावरील लेण्यांत राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञप्रसंगीं दिलेल्या दक्षिणेचे आंकडे त्यांत कोरलेले असून, भारतांतील अंकचिन्हांच्या अगदीं जुन्या नमुन्यांत त्यांची गणना होते. गणिताच्या तासाला खिडकीबाहेर पाहणाऱ्या आमच्या कांहीं मित्रांनीं तेथें अवश्य जाऊन यावें. खिडकीबाहेरच्या डोंगरांतहि आंकडे आहेत, हें पाहून त्यांस थोडें वाईट वाटेल! जवळच एक दगडी रांजण आहे. जकातीचीं नाणीं त्यांत टाकीत असत, असें सांगतात.

नाणेघाटाची वाट चढतांना छाती भरून येते, इतकी ती उभी आहे. अशाच वाटांनीं पुढें कित्येक शतकें लमाणांचे तांडे कोंकणांतील मीठ वर नेत आणि देशावरील धान्य खालीं आणीत. ओझें बैलाच्या पाठीवर असे, आणि पाठीवर ओझें घेतलेला बैल जिन्यासारख्या चढणीवरहि पाय रोवून चढूं शकतो. चाक मात्र तसें चढूं शकत नाहीं. ज्या दिवशीं डोंगरावर गाडी नेण्याचा विचार माणसाच्या मनांत आला, त्या दिवशीं घाटाचा सगळा हिशेब बदलला.

तो हिशेब असा. वीस मीटर पुढें गेल्यावर जो रस्ता एक मीटर वर चढतो, त्याच्या चढास 'वीसास एक' असें म्हणतात. डोंगराळ मुलखांतील मोठ्या रस्त्यांसाठीं आपल्याकडील अभियंते सामान्यतः हेंच प्रमाण धरतात. अगदींच अडचण असेल तेथें चढ याहून थोडा तीव्र ठेवितात. आतां वाई आणि पांचगणी हीं दोन गांवें घ्या. वाई समुद्रसपाटीपासून सुमारें ७०० मीटर उंचीवर आहे व पांचगणी सुमारें १३०० मीटर. अंतर ६०० मीटरांचें. त्याची वीसपट केली कीं १२,००० मीटर, म्हणजे १२ किलोमीटर होतात. वाईहून पांचगणीस जातांना रस्त्याच्या कडेचे दगड मुलांस मोजावयास सांगावें. बारा-तेरा किलोमीटरांचीच वाट भरते. वहींत केलेलें गणित असें डोंगरावर प्रत्यक्ष उमटलेलें पाहिलें म्हणजे जो आनंद होतो, तो आम्हीं आमच्या वर्गांतील मुलांच्या चेहऱ्यावर पाहिला आहे.

हा पसरणीचा घाट आमच्या विशेष आवडीचा आहे, हें वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. वाई सोडली कीं लौकरच पसरणी गांव लागतें. शाहीर साबळे यांचा जन्म १९२३ सालीं याच गांवीं झाला. तेथून पुढें रस्ता डोंगराच्या कुशीस धरून आडवा आडवा चढत जातो. एका अंगास कातळ, दुसऱ्या अंगास कृष्णेचें खोरें. जसजसें वर जावें तसतसें वाईचें गांव लहान होत जातें, शेतांच्या चौकटी स्पष्ट होतात, आणि धोम धरणाचा जलाशय डोंगरांच्या पायांशीं पसरलेला दिसूं लागतो. थंडीच्या दिवसांत सकाळीं लौकर निघाल्यास खोरें धुक्यानें कांठोकांठ भरलेलें असतें व आपण त्या धुक्याच्या वर उन्हांत असतों. गाडी हांकणाऱ्यानें मात्र हें सारें थांबून पाहावें. चालत्या गाडींतून दरीकडे पाहण्याचा हक्क फक्त मागें बसलेल्यांचा आहे. माथ्यावर पांचगणीच्या रस्त्यांना सिल्व्हर ओकचीं झाडें सोबत करतात. तीं मूळचीं ऑस्ट्रेलियांतील असलीं तरी आतां त्यांच्यावांचून पांचगणी ओळखूं येणार नाहीं.

डोंगराची कूस लांबच लांब असेल तरच रस्त्याला असें आडवें जातां येतें. ती आंखूड असली म्हणजे रस्ता थोडें पुढें जाऊन मागें फिरतो, पुन्हां पुढें येतो, पुन्हां फिरतो. आणि अशा रीतीनें एकाच उतारावर घड्या घालून आपली लांबी पुरी करून घेतो. हींच तीं केसांच्या आंकड्यासारखीं वळणें. या वळणांविषयीं दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. वळणाची आंतली कड बाहेरच्या कडेपेक्षां आंखूड असते. परंतु दोन्ही कडांना उंची सारखीच चढावयाची असते. म्हणून आंतल्या कडेवरचा चढ आपोआपच अधिक तीव्र होतो. यासाठीं चांगला अभियंता वळणावर रस्ता जवळजवळ सपाट करतो (चाळीसास एक एवढाच चढ राखतो) आणि उरलेली चढण वळणाच्या पुढेंमागें वांटून टाकतो. पायीं चालणाऱ्यास हें लगेच कळतें; वळण आलें कीं त्याचा दम परत येतो. दुसरी गोष्ट अशी कीं, गाडीचीं मागचीं चाकें पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहींत, तीं वळणाच्या आंतल्या बाजूस सरकतात. गाडी जितकी लांब तितकीं तीं अधिक सरकतात. म्हणून वळणावर रस्ता रुंद ठेवावा लागतो, आणि तरीहि एस.टी.ची लांब गाडी वळतांना सबंध रस्ता व्यापते. समोरून एस.टी. येतांना दिसली म्हणजे वळणाच्या अलीकडेच थांबून तिला वाट द्यावी. ड्रायव्हरनें हात वर करून केलेला रामराम हें त्याचें बक्षीस समजावें.

आतां दक्षिणेकडे वळूं. सावंतवाडीहून बेळगांवकडे जाणाऱ्या रस्त्यावर दाणोली सोडली कीं आंबोलीचा घाट सुरू होतो. वेंगुर्ल्याचें बंदर आणि बेळगांवची छावणी यांची गांठ घालण्यासाठीं पूर्वीं रामघाटाची वाट वापरीत. ती अवघड होती, म्हणून एकोणिसाव्या शतकांत आंबोलीचा गाडीरस्ता झाला. पसरणीचा घाट मोकळा, उघडा, दूरवर दाखविणारा आहे. आंबोलीचा घाट अगदीं उलट, झाडींत तोंड लपविणारा आहे. आंबोली सुमारें ६९० मीटर उंचीवर आहे. समुद्रावरून आलेले ढग पहिल्यांदा येथेंच अडतात व वर चढतांना थंड होऊन रिते होतात. वर्षाला ७००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस येथें पडतो. रस्त्याच्या अगदीं लगत कोसळणारा मोठा धबधबा प्रसिद्धच आहे, आणि त्यामुळेंच आषाढ-श्रावणांतील रविवारीं तेथें धबधब्यापेक्षां मोटारींचीच दाटी अधिक असते. आमचें मत विचाराल तर आंबोलीस आश्विनांत जावें. पाऊस ओसरलेला असतो, ओढे वाहत असतात, आणि रस्ता आपला आपल्याला सांपडतो.

या घाटाच्या माथ्यावर उभें राहून मुलांस एक प्रश्न अवश्य विचारावा : येथें पडलेला पाऊस कोणत्या समुद्रास जाईल? धबधब्याचें पाणी पश्चिमेस उतरून थोड्याच अंतरावर अरबी समुद्रास मिळतें. परंतु जवळच उगम पावणारी हिरण्यकेशी पूर्वेकडे निघते, घटप्रभेस मिळते, घटप्रभा कृष्णेस मिळते, आणि तें पाणी सबंध द्वीपकल्प ओलांडून बंगालच्या उपसागरास जातें. दोन थेंब हातभर अंतरावर पडावेत व त्यांची पुढें कधींच भेट होऊं नये, ही भूगोलांतील गोष्ट येथें चालत चालत पाहतां येते. हिरण्यकेशीच्या उगमाजवळच्या पाण्यांत माशाची एक नवी जात सांपडल्याचें २०२० सालीं शास्त्रज्ञांनीं प्रसिद्ध केलें, व तिला नदीचेंच नांव दिलें. आंबोलीचा म्हणूनच ओळखला जाणारा एक लहान भेकहि जगांत जवळजवळ दुसरीकडे कोठें आढळत नाहीं. पहिल्या पावसाच्या रात्रीं असे बेडूक व भेक मोठ्या संख्येनें रस्त्यावर येतात आणि चाकांखालीं मरतात. त्या दिवसांत शक्य तों रात्रीं घाटांत गाडी घालूंच नये. घालणें भाग असल्यास अगदीं सावकाश न्यावी.

पावसाळ्यांतील घाट सुंदर असतो यांत शंका नाहीं, परंतु रस्त्याचा खरा वैरी पाणीच आहे. डोंगराच्या पोटांतून रस्ता कोरतांना उताराचा पाय कापला जातो, आणि वरची माती टेकूवांचून राहते. कोरडी असेपर्यंत ती थोपते. पाणी मुरलें कीं जड होते, खालच्या खडकावर निसरते आणि दरड होऊन खालीं येते. म्हणूनच घाटांत डोंगराच्या बाजूस गटार असतें, तें पाणी ठरलेल्या ठिकाणीं मोरींतून रस्त्याखालून पलीकडे काढलेलें असतें, व दगडी भिंतींत ओळीनें भोंकें ठेवलेलीं असतात. तीं भोंकें पावसांत वाहत असलीं तर भिंत आपलें काम करीत आहे असें समजावें. तुंबलेलें गटार, रस्त्यावर ओघळलेला लाल गाळ, किंवा कारणावांचून घरंगळणारे बारीक दगड दिसले, तर मात्र तेथें छायाचित्रें काढीत उभें राहूं नये. गटारांत खाऊच्या पिशव्या टाकणारे प्रवासी पाहिले म्हणजे आम्हांस राग येतो तो केवळ स्वच्छतेकरितां नव्हे. तुंबलेली मोरी पुढच्या पावसांत रस्ता घेऊन जाते.

इतर घाटांविषयीं थोडक्यांत सांगतों. माळशेज ढगांसाठीं पाहावा. भोर व महाड यांमधील वरंधा घाट दऱ्यांच्या खोलीसाठीं. मात्र पावसाळ्यांत तो पुष्कळदां वाहतुकीस बंद ठेवितात, म्हणून आधीं चौकशी करूनच निघावें. मुळशीकडून माणगांवास उतरणारा ताम्हिणी घाट पहिल्या पावसानंतर हिरवागार होतो. त्या वाटेवरील मुळशीचा जलाशय पाहतांना मुलांस हेंहि सांगावें कीं, या पाण्याखालीं गांवें आहेत, आणि तीं वांचविण्यासाठीं १९२१ सालीं शेतकऱ्यांनीं व सेनापति बापटांनीं सत्याग्रह केला होता. महाबळेश्वराहून पोलादपुरास उतरणारा आंबेनळीचा घाट प्रतापगडाच्या जवळून जातो. १६५९ सालचा तो प्रसंग ज्या रानांत घडला, तें रान कसें होतें याची कल्पना पुस्तकापेक्षां या वळणांवर अधिक येते. याच घाटांत जुलै २०१८ मध्यें सहलीस निघालेल्या सहकाऱ्यांची एक बस खोल दरींत कोसळली, आणि तिच्यांतील एकच प्रवासी जिवंत वर आला.

यावरून उतरण्याच्या रीतीकडे आम्ही येतों. चढण अवघड व उतार सोपा, असें पुष्कळांस वाटतें. आम्हांसहि वाटत असे. कांहीं वर्षांपूर्वीं पांचगणीहून वाईस उतरतांना आम्हीं पेट्रोल वांचविण्याच्या बुद्धीनें गाडी गियरमधून काढली व ब्रेकवर पाय ठेवून तिला सोडून दिली. मागें दोन मुलें गात होतीं. अर्धा घाट उतरल्यावर जळक्या रबरासारखा वास येऊं लागला. पुढच्या वळणावर ब्रेक दाबला तों पाय नेहमींपेक्षां पुष्कळ खालीं गेला, आणि गाडी मात्र म्हणावी तशी थांबेना. दैवानें रस्ता मोकळा होता. कसाबसा दुसरा गियर पडला, मग पहिला, आणि गाडी डोंगराच्या बाजूच्या गटाराशीं घांसत उभी राहिली. मुलांनीं उतरून चाकांखालीं दगड लावले. गाणें अर्थातच थांबलें होतें. तासभर आम्ही तेथें बसून होतों, आणि त्या तासांत आम्हीं जो हिशेब केला तो येथें देतों. दीड हजार किलो वजनाची गाडी सहाशें मीटर खालीं आणणें म्हणजे सुमारें पंचवीस लिटर थंड पाणी उकळीं येईल इतकी उष्णता निर्माण करणें होय. तेवढी उष्णता ब्रेकच्या चार लहानशा तबकड्यांवर लादली तर त्या तापून निकामी होणारच. गाडी खालच्या गियरमध्यें ठेविली तर यांतील मोठा वांटा इंजिन आपल्याकडे घेतें, आणि ब्रेकला मधून मधून विसांवा मिळतो. ज्या गियरमध्यें घाट चढलों त्याच गियरमध्यें उतरावा, ही जुन्या ड्रायव्हरांची शिकवण आहे. उतारावर इंजिन बंद करणें तर त्याहून वाईट. आजकालच्या गाड्यांत इंजिन थांबलें कीं ब्रेक व स्टिअरिंग दोन्ही जड होतात. आणि अरुंद रस्त्यावर समोरासमोर गांठ पडल्यास उतरणाऱ्यानें थांबून चढणाऱ्यास वाट द्यावी, असा नियमच आहे. कारण उघड आहे : चढणीवर थांबलेली भरलेली गाडी पुन्हां हलविणें कठीण असतें.

सर्वांत शेवटीं, सर्वांच्या ओळखीचा बोरघाट. आर्थर वेलस्ली यानें १८०४ च्या सुमारास लष्करासाठीं येथील वाट सुधारली, आणि गव्हर्नर माल्कम याच्या अमदानींत १८३० सालीं ती गाड्यांसाठीं खुली झाली. आगगाडीचा घाट १८५६ ते १८६३ या वर्षांत बांधला गेला. रूळ सुमारें पंधरा मैलांत १,८३१ फूट वर चढतात. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानांत आल्यावर थोड्याच दिवसांत, १८५९ सालीं, मरण पावला. त्याची पत्नी ॲलिस हिनें तें काम सोडलें नाहीं व पुरें करवून घेतलें. एका वेळीं चाळीस हजारांहून अधिक मजूर त्या कामावर होते. पटकीनें व अपघातांनीं त्यांतील पुष्कळ मेले. २००२ सालीं द्रुतगति महामार्ग पूर्ण झाला आणि मुंबईहून पुण्यास जाणारा प्रवासी बोगद्यांतून तिकडे कधीं पोंचला हें त्यालाच कळेनासें झालें. आम्ही त्या रस्त्यास नांवें ठेवीत नाहीं. आजाऱ्यास घेऊन जातांना आम्हीहि त्यानेंच गेलों आहों. परंतु सुटीच्या दिवशीं हातांत वेळ असेल तर खोपोलीहून जुन्या रस्त्यानें वर यावें.

त्या रस्त्याच्या कडेला शिंगरोबाचें लहानसें देऊळ आहे. आगगाडीची वाट शोधीत साहेब रानांत भटकत असतां एका धनगरानें आपल्या गुरांची वाट त्यांना दाखविली, बक्षीस म्हणून देशाचें स्वातंत्र्य मागितलें, आणि त्याबद्दल त्यास गोळी मिळाली, अशी कथा घाटांत सांगतात. इतिहासाच्या पुस्तकांत ती नाहीं. आंबेनळीला फिट्झजेरल्ड या गव्हर्नराचें नांव इंग्रजांनीं दिलें होतें. तें आज फारसें कोणाच्या तोंडीं नाहीं. शिंगरोबाचें नांव मात्र कोणी न देतांहि राहिलें आहे. गेल्या खेपेस आम्ही तेथें थांबलों तेव्हां पुढें मालाचा एक ट्रक उभा होता. ड्रायव्हर खालीं उतरला, देवळापाशीं नाणें ठेवून त्यानें हात जोडले, चाकांवर एकदां नजर टाकली, आणि पहिल्या गियरमध्यें गाडी घालून तो वळणाआड गेला. मुलांनींहि एक नाणें मागून घेतलें.